मूळ घरातला गणपती, आणि पाटावर बसायला नास्तिक

माडाखालचा (धागाकर्ता):
बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

गाव देवगड तालुक्यात. मूळ घरात गणपती, सहा घरांच्या भावकीचा मिळून एकच. पूजेला बसायचा मान थोरल्या घराचा, म्हणजे आधी आजोबा, मग बाबा. बाबा गेली ३८ वर्षं बसतायत. यंदा मे महिन्यात डॉक्टरने सांगितलं मांडी घालून बसायचं नाव काढू नका, गुडघे संपले. तर बाबांनी फोनवर एका वाक्यात विषय मिटवला, "चवथीक आता तू बस." आणि लगेच आंब्याच्या पेट्या पोचल्या का ते विचारलं.

अडचण अशी की मी नास्तिक आहे. कॉलेजपासून. घरात सगळ्यांना माहितीये, पण कसं, तर एखाद्याला शुगर असल्याचं माहीत असतं तसं. कोणी विषय काढत नाही, वाढताना जरा जपून वाढतात इतकंच.

मी गणपतीला जातो बरं का, एक वर्ष चुकवलेलं नाही. गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात तिथून, मूर्ती डोक्यावरून मीच आणतो, आरत्या तोंडपाठ, मोदकांचं तर विचारू नका. यात मला कधी ढोंग वाटलं नाही. पण पाटावर बसणं वेगळं. तिथे स्वतःचं नाव-गोत्र उच्चारून संकल्प सोडायचा, मग मूर्तीच्या छातीला हात लावून प्राणप्रतिष्ठा. माझ्या हातून मातीत प्राण आले असं मागे बसलेली ८० वर्षांची काकू खरोखर मानणार, आणि मी मनात म्हणणार काही आलेलं नाही. माझी अडचण देवाची नाहीच, त्या काकूची आहे. तिला फसवल्यासारखं होतं.

तर बसावं का? नाही म्हणायचं तर कोणत्या तोंडाने? आणि जरा मोठा प्रश्न, आपल्या कोकणात "मी काहीच मानत नाही" म्हणणाऱ्याला गावात जागा कुठली?

बोंबील_फ्राय:
आधी सांग, चतुर्थीचं रिझर्वेशन कन्फर्म झालंय का? झालं असेल तर तुला नास्तिक राहायचा अधिकार नाही.

देवगड_हापूस:
+१. कोकणकन्येचं वेटिंग १४० वरून क्लिअर झालेलं ज्याने पाहिलंय त्याने चमत्कार नाकारू नये.

तर्कट:
स्पष्ट लिहितो, राग नको. नाही बसायचं. आरती म्हणणं, मोदक खाणं हे सोशल आहे, पण संकल्प म्हणजे तोंडाने दिलेला शब्द आहे, आणि आपल्याला पटत नसलेला शब्द देऊ नये इतका साधा हिशोब. "घरच्यांसाठी एवढं करायला काय जातं" हे वाक्य ऐकून ऐकून आपल्याकडचे निम्मे नास्तिक सत्यनारायणाला बसतात आणि मग देवाधर्माविरुद्ध बोलायची सोय उरत नाही.

आणि कोकणात जागा कुठली म्हणे! अहो कोकणाइतके नास्तिक कुठे पिकले? र. धों. कर्वे मुरुडचे, दापोलीजवळचं मुरुड. १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' एकहाती चालवलं, देव आणि धर्म दोन्ही उघडपणे नाकारून. त्याच तालुक्यात मुर्डी, तिथले रँग्लर परांजपे. १८९९ ला केंब्रिजात पहिले आले, फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, आणि १९४९ मध्ये इंडियन रॅशनलिस्ट असोसिएशन निघाली तिचे पहिले अध्यक्ष. हे लोक १०० वर्षांपूर्वी उघड बोलले आणि आपण काकूला घाबरतोय.

देवगड_हापूस:
दापोलीच्या पाण्यातच काहीतरी आहे. आमच्याकडे नुसतं लोह.

सुरंगी:
तर्कट, कर्वे उघड बोलले हे खरं, पण त्यांनी काय काय सोसलं तेही लिहा की. नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले झाले. धागाकर्त्याच्या काकूला तुम्ही अगदीच किरकोळीत काढलंत.

मला वेगळंच विचारायचंय. सहा घरांच्या भावकीत मनापासून श्रद्धा असलेली, पूजा येत असलेली एखादी बाई नाही का? माझ्या सासरी मी २२ वर्षं बघतेय, सोवळ्यातला नैवेद्य बायकांनी करायचा, फुलपत्री बायकांनी निवडायची, कुठलं तबक कधी पुढे सरकवायचं ते बायकांना पाठ. आणि पाटावर बसतात आमचे दीर, ज्यांना अजून आचमनाचं पाणी कुठल्या हाताने घ्यायचं ते भटजी सांगतात. तुमच्याकडे म्हणजे कमालच आहे, मानतच नाही असा मुलगा चालतो, मानणारी मुलगी चालते का ते कोणी विचारलंय?

माडाखालचा:
सुरंगीताई, खरं सांगू, डोक्यातच आलं नव्हतं. चुलत बहीण आहे, पुण्याला असते, रोज अथर्वशीर्ष म्हणते. तिला कोणी विचारलेलं नाही. मीही नाही. बघतो.

आबा_वेंगुर्ले:
झिला, माझा वय ७४. एक सांगतंय. देवाक मानूक नाय तर देव काय रागावणा नाय, भाऊबंद रागावतत. आमच्या वाडीत एक मास्तर होते, पक्के कम्युनिस्ट. देवळात कधी पाय ठेवूक नाय. पण जत्रेची वर्गणी सगळ्यात आधी तेंची येय आणि दशावतार बघूक पहिल्या रांगेत. ते गेले तेव्हा अख्खो गाव होतो. मी विचारलेलं एकदा, मास्तर, वर्गणी कित्याक? म्हणाले, देवाक नाय रे, नाटकाक.

उसळपाव:
आबा, जबरी! मास्तरांना सलाम.

सांजवेळ:
मूळ शब्दाबद्दल एक. 'नास्तिक' म्हणजे देव न मानणारा हा आजचा अर्थ. जुन्या दर्शनांत वेदांचं प्रामाण्य न मानणारा तो नास्तिक. म्हणून सांख्य ईश्वराशिवाय चालतात, पूर्वमीमांसावाल्यांनाही जग निर्माण करणारा ईश्वर लागत नाही, तरी ते दोघे आस्तिक! आणि जैन, बौद्ध, चार्वाक नास्तिक. धागाकर्त्याला नेमका शब्द हवा असेल तर निरीश्वरवादी. नक्की सांगता येत नाही असं म्हणायचं असेल तर अज्ञेयवादी.

बोंबील_फ्राय:
म्हणजे देव नाही पण गोत्र आहे असं चालतंय. मग बस की पाटावर, मीमांसक म्हणून.

तर्कट:
हसण्यावारी नेऊ नका, हीच तर पळवाट असते. "आपल्या परंपरेत नास्तिकालाही स्थान आहे" म्हणायचं आणि चार्वाकाचं आठवायचं काय तर ऋणं कृत्वा घृतं पिबेत्. त्याच्या विरोधकांनी त्याच्याबद्दल लिहिलं तेवढंच शिल्लक. स्थान होतं तर ग्रंथ कुठे गेले?

गुरवाचो_झिल:
लिहू की नको असं तीन दिवस चाललं होतं. या आयडीवरून मला कोणी ओळखत नाही म्हणून लिहितो.

मी गुरव. गावच्या रवळनाथाची पूजा आमच्या चार घरांत पाळीने, वर्षातले तीन महिने माझे. सकाळी उठून देवाला आंघोळ, गंध, फुलं, दिवा. आणि मी मानत नाही. कधीपासून ते सांगता येणार नाही, एक दिवस असा नव्हता. रोज दगडाला आंघोळ घालून घालून तो दगड आहे हे हातालाच कळलं असावं.

लोक कौल लावायला येतात. होडी घ्यावी का, मुलीचं स्थळ बरं आहे का, जमिनीची केस कोर्टात न्यावी की मिटवावी. पाकळ्या ओल्या करून देवाच्या अंगाला लावायच्या आणि गाऱ्हाणं घालून थांबायचं. उजवीकडची पडली तर हो, डावी पडली तर नाही. मला माहितीये की पावसात कौल उशिरा पडतो, कारण दगडच घामेजलेला असतो, पाकळी चिकटून बसते. एप्रिलात दहा मिनिटांत पडतो. पण एक सांगतो, मी कधी फुंकर मारलेली नाही, हात लावलेला नाही. जी पडली ती सांगितली. न मानणाऱ्याने तरी खोटं करू नये असं मला वाटतं, बाकीच्यांचं मला माहीत नाही.

एकदा एक बाई आली, मुलगा मुंबईहून सहा महिने फोन करत नव्हता, येईल का विचारायला. पाऊण तास पाकळी पडेना. ती पाऊण तास बोलत होती, देवाशी, म्हणजे खरं तर माझ्यासमोर. शेवटी उजवी पडली, ती उठून गेली, पण पडण्याच्या आधीच तिचा चेहरा हलका झालेला होता. आता मला सांगा तर्कट, मी काय करायला हवं होतं? ताई हे गुरुत्वाकर्षण आहे असं सांगायला हवं होतं?

तेव्हा काकूला फसवल्यासारखं वाटतं म्हणालात ते मला बरोबर कळलं. पण काकू तुमच्या मनात काय आहे ते बघायला बसलेली नाही. ती गणपतीकडे बघते. आपण मधले असतो, आपल्याला वाटतं तेवढं आपल्याकडे कोणाचं लक्ष नसतं.

सुरंगी:
गुरवाचो_झिल, हा प्रतिसाद दोनदा वाचला.

तर्कट:
मीही वाचला. प्रामाणिकपणा मानला. उत्तर माझ्याकडे तयार नाही असं कबूल करतो, पण एक शंका राहतेच. त्या बाईचा चेहरा हलका झाला, ठीक. ज्याची केस डाव्या पाकळीमुळे कोर्टात गेलीच नाही आणि जमीन गेली, त्याचं काय?

गुरवाचो_झिल:
असा एक आहे. माझाच मामा. म्हणून तर झोप लागत नाही.

महाडकर_२७:
चर्चा चांगली चाललीये पण एक गंमत वाटतेय. पाटावर बसावं की नाही हा प्रश्न ज्यांना पाट देऊ केलाय त्यांचा आहे. माझ्या आज्याला सभामंडपाच्या पायरीपर्यंतही सोडत नव्हते. पालखी गावभर फिरायची, आमच्या वाडीच्या तोंडाशी येऊन वळायची.

आम्ही देव सोडले ते पुस्तकं वाचून नाही सोडले. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, नगरपालिकेने तर तळं १९२४ लाच खुलं केलं होतं, कागदावर. हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. पाण्याला दहा वर्षं. मग १९५६ ला धम्म घेतला तेव्हा २२ प्रतिज्ञांत तिसरीच प्रतिज्ञा आहे, गौरी-गणपती वगैरे कोणालाही देव मानणार नाही, उपासना करणार नाही. आजी सांगायची, घरातले देवांचे टाक गोळा करून सावित्रीत सोडले, आणि त्या रात्री सगळे जागे होते, आता काहीतरी होणार म्हणून. सकाळी उठून बघितलं तर शेळी व्यायली होती, दोन पिल्लं. आजी हसून म्हणायची, कोपला बघ देव.

तर आमच्याकडे न मानणं हे एकट्याचं नव्हतं, वाडीच्या वाडी होती. तुमच्यासारख्या एकट्याला जड जातं ते कळतं मला, पण जड कशामुळे जातं तेही बघा. सोडायला मान आहे म्हणून जड जातं.

आणि तर्कट, कर्व्यांचं लिहिलंत तर हेही लिहा, १९३४ मध्ये 'समाजस्वास्थ्य'च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र घेऊन बाबासाहेब उभे होते.

माडाखालचा:
महाडकर, "सोडायला मान आहे म्हणून जड जातं". हे मला लागलं आणि बरोबर लागलं. यावर लगेच काही लिहीत नाही.

संपादक:
दोन प्रतिसाद उडवले आहेत. आरक्षण, निवडणुका आणि एकमेकांच्या आडनावांवर इथे चर्चा होणार नाही. धागा पूजेबद्दल आहे.

खाडीपलीकडे:
राजापूरकडची आहे, कोकणी मुसलमान. तुमच्या धाग्यात घुसतेय, पण प्रश्न ओळखीचा आहे.

आमच्याकडे तुमच्यासारखी सोय नाही की मी मोदक खातो पण मानत नाही. म्हणजे ईदला शिरखुर्मा सगळे खातात, माझ्या हातच्या सांदणांवर शेजारची ब्राह्मण आजीसुद्धा खूष असते, पण "मानत नाही" हे तोंडाने म्हणायची सोय नाही. मी रोजे ठेवत नाही हे नवऱ्याला माहितीये, सासूला बहुतेक माहितीये. संध्याकाळी इफ्तारला सगळ्यांत आधी खजूर माझ्याच हातात देते ती. बोलत काही नाही.

खरा प्रश्न येतो मेल्यावर. कबरस्तान जमातीचं. हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, आमच्याच किनाऱ्याचा माणूस. १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, त्याआधी १९६६ ला तोंडी तलाकविरुद्ध सात बायकांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर नेला. सात! त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं की दफन नको, कसलेही विधी नकोत, दहन करा. १९७७ ला गेले तेव्हा तसंच केलं. माझे अब्बा त्यांचं नाव काढलं की गप्प बसायचे. शिवी नाही, कौतुक नाही, नुसते गप्प. मी तेव्हा समजायचे राग आहे. आता वाटतं वेगळं काहीतरी असेल.

सुरंगी:
सांदणांची रेसिपी वेगळ्या धाग्यात टाका प्लीज. आणि शेवटच्या दोन ओळींबद्दल काय बोलू.

काळा_कोट:
कायद्याचं थोडं, कारण गैरसमज फार असतात.

घटनेच्या कलम २५ मध्ये धर्मस्वातंत्र्याच्या आधी शब्द आहेत ते सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याचे. त्यात न मानणंही आलं. २०१४ मध्ये मुंबई हायकोर्टाने स्पष्ट सांगितलंय की सरकार कोणालाही धर्म सांगायची वा लिहायची सक्ती करू शकत नाही, फॉर्मवर "धर्म नाही" लिहायचा तुम्हाला हक्क आहे. कोर्टात साक्ष देताना ईश्वराला साक्ष ठेवायची गरज नाही, गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते. हे सोपं वाटतं आज, पण इंग्लंडात ब्रॅडलॉ नावाचा नास्तिक १८८० ला निवडून आला तर शपथेच्या भानगडीत त्याला १८८६ पर्यंत पार्लमेंटमध्ये धड बसू दिलं नाही. हाच माणूस १८८९ ला मुंबईत काँग्रेसच्या अधिवेशनाला येऊन गेला.

आता गंमत ऐका. फॉर्मवर धर्म नाही लिहिलंत तरी मालमत्ता वाटताना तुम्ही हिंदूच. हिंदू उत्तराधिकार कायदा कोणाला लागू, तर हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना, शिवाय जो मुसलमान, ख्रिश्चन, पारशी किंवा ज्यू नाही अशा कोणालाही. म्हणजे हिंदू घरातला नास्तिक नुसतं न मानून या कायद्यातून बाहेर पडू शकत नाही. खाडीपलीकडेताईंचं उलटं, शरियतनुसार वाटणी नको म्हणणाऱ्या केरळच्या एका बाईंना त्यासाठी सुप्रीम कोर्टात जावं लागलं. आपल्या देशात जन्म धर्मात होतो आणि वारसाही धर्मातूनच येतो, विश्वासाचं खातं वेगळं.

आणि वर्गणी दिली नाही, पालखी घेतली नाही म्हणून गावकीने वाळीत टाकलं तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हा कायदा आणायला जी प्रकरणं कारण झाली त्यात आपल्या रायगडची बरीच होती, हे अभिमानाने सांगण्यासारखं नाही.

देवगड_हापूस:
म्हणजे देवाला सोडता येतं, सातबाऱ्याला नाही.

आबा_वेंगुर्ले:
सातबारो सोडूक कोण सांगता तुका! तेच्यावर २३ नावा आसत, आधी ती सोडव.

खडू_फळा:
जिल्हा परिषदेची शाळा, शिक्षिका. संपूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नको असं घटनेत आहे (कलम २८). आमच्याकडे दसऱ्याला पाटीपूजन, सरस्वतीचा फोटो, एकदा वर्गखोलीचं गळकं छप्पर दुरुस्त झालं म्हणून सत्यनारायण. पालकच हौसेने करतात, मी नको म्हणणार कोणाला? वर्गात दोन मुलं बौद्ध, एक मुसलमान. ती तिघं प्रसादाच्या वेळी हात पुढे करतात की मागे, हे मी दरवर्षी बघते. नाशिककडच्या एका शिक्षकाने प्रार्थनेला हात जोडायला नकार दिला, पगारवाढ अडली, हायकोर्टाने २०१३ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. मी एवढी शूर नाही. मी फक्त सरस्वतीच्या शेजारी सावित्रीबाईंचा फोटो ठेवते. त्यालाही हार घालतात आणि उदबत्ती लावतात!

तर्कट:
हेच तर. आपण 'धर्मनिरपेक्ष' शब्द १९७६ ला ४२ व्या दुरुस्तीने सरनाम्यात घातला आणि अर्थ केला "सगळ्यांची पूजा करा". सरकारने कोणाचीच करू नये हा अर्थ कुणालाच नकोय.

सांजवेळ:
हिंदी सरनाम्यात तर 'पंथनिरपेक्ष' आहे. आणि मराठीत रागाने बोलायचं असेल तर लोक 'निधर्मी' म्हणतात, शिवी दिल्यासारखं.

उसळपाव:
जनगणनेत काय लिहिता हो तुम्ही लोक? २०११ ला धर्म न सांगितलेले देशभरात साधारण २९ लाख होते, ०.२४ टक्के. त्यात खरे नास्तिक किती कोण जाणे, काहींनी नुसतं उत्तर दिलं नसेल.

बोंबील_फ्राय:
आमच्याकडे मोजायला आलेल्या बाईंनी विचारलंच नाही, दारावरचं तोरण बघून लिहून मोकळ्या झाल्या. बायकोने ते तोरण मॉलमधून आणलेलं.

माझं खरं खरं सांगतो, मी पण नास्तिक आहे. फक्त आमच्या वाडीबाहेर देवचाराचा पिंपळ आहे, रात्री दहानंतर त्याच्याखालून जाताना माझा नास्तिकपणा बॅटरीवर चालतो. चार्ज असेपर्यंत.

आबा_वेंगुर्ले:
रे तेका हाक मारून जा. "जातंय रे बाबा" म्हणाचा. मास्तरपण म्हणायचे.

तर्कट:
मास्तर??

आबा_वेंगुर्ले:
विचारलेलं. म्हणाले पिंपळावर पोळा आसा, माश्या झोपलेल्या आसतत, आवाज दिलेलो बरो. आता खरा काय ता तेंकाच म्हायत.

तिकडचा:
मी २० वर्षं बाहेर आहे. इकडे शेजारीपाजारी धर्म न मानणारे ढीगभर, कोणी लपवत नाही, कोणाला काही वाटतही नाही. पण गेल्या वर्षी एका शेजाऱ्याची आई गेली, ती पण न मानणारी, तर २० मिनिटांचा कार्यक्रम, एक गाणं, कॉफी, संपलं. रस्त्यावर आल्यावर तो मला म्हणाला आता काय करायचं असतं? मी काय सांगणार. आपल्याकडे १३ दिवस माणसाला श्वास घ्यायला कोणी एकटं सोडत नाही. मला विधी नकोत, पण ते १३ दिवस कुठून आणायचे?

उसळपाव:
माझ्या वडिलांनी देहदान केलं. १५ वर्षं झाली, तेव्हा जवळ सोय नव्हती, घाट चढून न्यावं लागलं. परत आलो तर घरात काहीच करायचं नव्हतं. पण रोज संध्याकाळी वाडीतले चार-पाच जण येऊन ओटीवर बसायचे. कोणी काही बोलायचं नाही, पान खायचे, उठून जायचे. तेराव्या दिवसापर्यंत आले. चौदाव्याला कोणी नाही. कोणी ठरवलेलं नव्हतं.

देवगड_हापूस:
धागाकर्ता गायब. चतुर्थी चार दिवसांवर आली. अहो, पाटाऐवजी वडिलांना खुर्ची द्या की! इतकी चर्चा कशाला.

बोंबील_फ्राय:
१० दिवस दर्शनशास्त्र झाल्यावर खुर्ची. हापूस, तू आधी कुठे होतास?

माडाखालचा:
विसर्जन करून परत आलो, १७ तास लागले रस्त्याला, आता लिहितो. सगळ्यांचे आभार, प्रत्येक प्रतिसाद वाचला.

आठ दिवस आधीच गेलो. बाबांना रात्री पडवीत सांगितलं, मी बसणार नाही, कारण असं असं. गुरवाचो_झिल यांनी लिहिलंय ते डोक्यात होतं, तरी मला जमणार नव्हतं. बाबा थोडा वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "तुका मानूक कोणी सांगल्यान? पाट रिकामो ऱ्हवता नये, इतक्याच." म्हणजे ३८ वर्षं त्यांचं तरी काय होतं कोण जाणे. विचारायचं धाडस झालं नाही.

मग मी चुलत बहिणीचं नाव काढलं. सुरंगीताई, तुम्ही म्हणालात तसंच. धाकटे काका उसळले. लग्न झालेली, दुसऱ्या घरची, गोत्र बदललं, भावकी काय म्हणेल. मी म्हटलं मी देवच मानत नाही ते चालत होतं? तर म्हणे तो वेगळा विषय! काकू (तीच, ८० वर्षांची) चुलीपुढून म्हणाली, "बसूंदे गो ती, निदान मंत्र तरी बरोबर म्हणात." काकांनी ऐकलं नाही. भटजींना विचारलं, त्यांना एक वाजायच्या आत ११ घरं करायची होती, म्हणाले कोणीही बसा पण सातला तयार राहा.

शेवटी हापूस, तुमची खुर्ची. बाबा खुर्चीवर, बहीण शेजारी खाली. संकल्प बाबांचा. बाकी सगळं, पंचामृत, पत्री, दूर्वा मोजणं, तिच्या हातून. प्राणप्रतिष्ठेला बाबांचा हात मूर्तीपर्यंत पोचेना, तर तिने त्यांचं मनगट धरून टेकवला. कोणाचा हात म्हणायचा तो, काकांनी बघितलं न बघितल्यासारखं केलं. पुढच्या वर्षीचं काही ठरलेलं नाही.

महाडकर, तुमच्या लिहिण्यामुळे एक विचारलं बाबांना, आपली पालखी कुठपर्यंत जायची. म्हणाले वरच्या वाडीपर्यंत. खालच्या का नाही? म्हणाले, तसाच होता. ते "तसाच होता" माझ्याबरोबर ठाण्याला आलंय.

मी काय केलं, तर माटवी. गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती. दोन दिवस रानात, कवंडळं, हरणं, शेरवडं, आंब्याचे टाळे, सुपारीचा शिपटा, असोले नारळ. अर्ध्या झाडांची नावं मला येत नव्हती, ज्या गड्याने दाखवली त्याला सगळी येत होती. बांधून झाली तेव्हा इतकी जड की वासा करकरला. तेवढंच माझं पूजेत.

आणि विसर्जनाला पाण्याकाठी धाकट्या काकांनी गाऱ्हाणं घातलं. सगळ्यांची नावं घेऊन झाली आणि शेवटी माझ्याकडे बघून, "हे देवा म्हाराजा, ह्यो थोरल्याचो झिल, तुका मानता की नाय मानता तो तुझो नि तेचो हिशोब, आमका त्यात पडाचा नाय. पण तेच्या वाटेतलो काटो बाजूक कर रे म्हाराजा." आणि सगळे ओरडले व्हय म्हाराजा. त्यात मीही. तोंडातून गेलंच.

तर्कट:
तुम्ही संकल्प सोडला नाहीत म्हणून अभिनंदन करणार होतो. "व्हय म्हाराजा" चे गुण कापले आहेत.

गुरवाचो_झिल:
काकांनी गाऱ्हाणं बरोबर घातलं. मी पण असंच घालतो.

महाडकर_२७:
खालची वाडी अजून आहे ना गावात? पुढच्या वेळी जाऊन या. पालखी नको, तुम्ही जा.

माडाखालचा:
आहे. माटवीची झाडं दाखवणारा गडी तिथलाच. शिमग्याला जाणार आहे गावी, तेव्हा त्याच्या घरी जातो.

सुरंगी:
बहिणीला माझा नमस्कार सांगा. आणि माटवीचा फोटो?

माडाखालचा:
फोटो काढायचा राहिला. वासा धरून उभा होतो.